हात न लावता उठा बघू

"वैशाली, मॅडम खाना क्यों नहीं खाती?" कमला आंटींनी मला गुरुवारी विचारलं. नवऱ्याला मशीनवर लावून झालं की त्या एरवी बाहेरच्या बाकावर जाऊन बसतात. त्या दिवशी आत आल्या आणि माझ्या खांद्याशी उभ्या राहिल्या. मी नळ्या तपासत असल्याचं नाटक केलं. उत्तर माहीत असतं तर दिलं नसतं का?

मॅडम म्हणजे आमच्या सुनंदा जाधव मॅडम. उल्हासनगर कॅम्प चारमध्ये आमचं छोटं डायलिसिस सेंटर आहे. खाली फर्निचरची वर्कशॉपं, वर आम्ही. तिथे मी टेक्निशियन आणि मॅडम आहारतज्ज्ञ. दिवाळीनंतर त्यांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं. गाठ होती, ती निघाली. डॉक्टर म्हणाले, सगळं छान झालंय, आता पुढची औषधं सुरू करायची, पण औषधं जड आहेत, त्याआधी अंगात ताकद भरली पाहिजे. म्हणजे बाई जेवली पाहिजे. आणि नेमकी बाईच जेवत नाही. घास तोंडात फिरतो आणि परत ताटात येतो. असंच चाललं तर औषधं सुरू करता येणार नाहीत, असं डॉक्टरांनी त्यांच्या मुलीला, प्रज्ञाला, स्पष्ट सांगितलंय.

अख्ख्या उल्हासनगरला जेवायला लावलेली बाई स्वतः जेवत नाही, हे ऐकून दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. मी चिडले. म्हटलं, असं कसं? आम्हाला इतकी वर्षं जे सुनावलं ते काय फक्त आमच्यासाठी होतं?

"संडे को चलते हैं," आंटी म्हणाल्या. "मैं कुछ बनाके लाती हूँ." मशीनवरून त्यांचे मिस्टर, किशन अंकल, म्हणाले, "मैं भी चलूँगा." तर त्या रविवारी आम्ही गेलो. तिथे काय झालं ते सांगतेच, पण मॅडम कोण ते कळल्याशिवाय त्यात काही अर्थ नाही.

मॅडम माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नसत. आधी हाताकडे बघत. मी नोकरीला लागले त्या दिवशी मी नमस्कार केला, तर म्हणाल्या, "अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एकमेकांवर दाब." मला वाटलं, काही नवीन प्रकारची ओळख असेल. दाबलं. दोन बोटांच्या मधे हाताच्या पाठीवर जो उंचवटा येतो तो त्यांनी आपल्या बोटाने चाचपला आणि म्हणाल्या, "बरंय. सकाळी काय खाल्लंस?" म्हटलं, "नेहमीचंच." त्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "नेहमीचंच नावाचा पदार्थ मला येत नाही. कृती सांग."

हा उंचवटा त्या सगळ्यांचा बघायच्या. रिक्षावाल्याचा, भाजीवालीचा, औषधं घेऊन येणाऱ्या पोऱ्याचा. उंचवट्याच्या जागी खळगा लागला की त्यांचा चेहरा पडायचा. "इथलं मांस गेलं की समजायचं, घरातलं सामान बाहेर निघायला लागलंय," म्हणायच्या. लोकांना ते काय कळणार? बाई हात बघतात म्हटल्यावर एक आजी भविष्य विचारून गेल्या. मॅडमनी तेही सांगितलं. म्हणाल्या, "रोज वाटीभर डाळ खाल्लीत तर नातवाच्या लग्नात नाचाल." आजी खूश.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांची खुर्ची. निळ्या प्लॅस्टिकची, हात नसलेली. पेशंट आला की त्याला त्यावर बसवायचं, छातीवर हातांची घडी घालायला सांगायचं, आणि मग त्यांचं ते वाक्य, "हात न लावता उठा बघू." बस, एवढीच परीक्षा. धडधाकट दिसणारे लोक त्या खुर्चीत फसायचे. अर्धे उठायचे आणि धपकन बसायचे, मग म्हणायचे, "खुर्ची नीची है." मॅडम म्हणायच्या, "खुर्ची गेल्या वेळेएवढीच आहे." एकदा आमचे डॉक्टर हसून म्हणाले, "मॅडम, एवढे रक्ताचे रिपोर्ट आहेत, खुर्ची कशाला?" तर म्हणाल्या, "रिपोर्ट खोटं बोलत नाहीत सर, पण लाजतात. मांडी लाजत नाही." डॉक्टर त्यानंतर स्वतः एकदा त्या खुर्चीवर बसून बघून गेले. आम्ही बघितलं नाही असं दाखवलं.

पथ्य या शब्दावरून त्यांचं सगळ्यांशी वाजायचं. लोक यायचे ते हात जोडूनच, "मॅडम, काय बंद करू?" त्यांना राग यायचा. "बंद करायला शेजारीण सांगते, मोबाईल सांगतो, जावई सांगतो. माझ्याकडे आलात तर काय खायचं ते विचारा."

स्वतः मात्र खायच्या! दुपारी डबा उघडला की आमच्या खोलीत सुकटीचा वास, आणि आंबटाशिवाय त्यांचा घास जात नसे. चिंचेचं सार असायचंच, नाहीतर चिंचेची चटणी, तेही नसलं तर पर्समधून कागदात बांधलेली चिंच निघायची. पहिला घास भाताचा. बोटं चाटून खायच्या आणि खाताना बोलायच्या नाहीत. "बोलायला दिवस पडलाय," म्हणायच्या.

पुस्तकातली नावं त्यांना सगळी यायची, पण पेशंटसमोर त्या प्रथिनं, कर्बोदकं, स्निग्ध पदार्थ असं काही म्हणत नसत. त्यांच्याकडे त्या तिघांसाठी एक गोष्ट होती. ती मी पहिल्यांदा ऐकली माझ्या साखरपुड्यात, आणि मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं होतं.

माझा नवरा तेव्हा बदलापूरला जिममध्ये जायचा. शर्टाच्या बाह्या फाटतील असे दंड, आणि भात सोडलेला. ताटात त्याने भात नको म्हटल्याबरोबर मॅडम पलीकडच्या पंगतीतून उठून आल्या. "का हो, भात का नको?" तो आपला कौतुकाने म्हणाला, "कार्ब्स बंद आहेत मॅडम. फक्त प्रोटीन." झालं. सासूबाई समोर, मामेसासरे समोर, आणि मॅडमनी वाढपी थांबवला.

म्हणाल्या, "आम्ही अंबरनाथला चाळीत राहायचो. आईकडे भुशाची शेगडी होती. एका पावसाळ्यात भुसा भिजला, दुकानात मिळेना. आईने आधी माळ्यावरच्या काटक्या काढल्या. त्या संपल्या. मग पाट फोडला. आणि एक दिवस खिडकीची फळी काढून जाळली. भात झाला. छान मऊ झाला. आम्ही जेवलो, आणि मग रात्रभर पाऊस घरात." तो ऐकत होता. "आता ऐका. भात-भाकरी हे रोजचं जळण. तेल-तूप हे माळ्यावरचं जळण, अडीनडीला. आणि डाळ, अंडं, मासळी, दूध म्हणजे जळण नाही, ते घराचं लाकूड. फळ्या, वासे, चौकट. जळण नाही दिलंत म्हणून शेगडी विझवता येत नाही, शरीराला ती चालूच ठेवावी लागते. मग ते काय करणार? तुम्ही आणलेली महाग फळी शेगडीत घालणार. वाढा हो यांना भात."

वाढप्याने वाढला आणि नवऱ्याने मुकाट्याने खाल्ला. सासूबाई मला नंतर म्हणाल्या, "ह्या बाई तुमच्या कोण?" पुढे त्याने भात पुन्हा सुरू केला. आता जरा जास्तच ऐकतो तो मॅडमचं, पोट सुटलंय.

तेला-तुपाला शिव्या दिलेल्याही त्यांना चालत नसत. "माळा छत कोसळेपर्यंत भरू नका एवढंच माझं म्हणणं. पण माळा रिकामा ठेवणारी बाई मी शहाणी समजणार नाही." गाजर कोरडं खाणाऱ्यांना सांगायच्या की त्यातलं जे डोळ्यांसाठी असतं ते तेलाच्या थेंबाशिवाय अंगी लागत नाही, गाजर नुसतंच भेटून जातं. दरवर्षी बुद्धपौर्णिमेला अंबरनाथच्या विहारात खीर त्याच करायच्या, आणि तूप सोडताना हात आखडत नसत. एका वर्षी एक ताई म्हणाल्या, "खीर नको, मी उपवासाने शरीर शुद्ध करतेय." मॅडम पळी हातात धरून शांतपणे म्हणाल्या, "भगवान बुद्धांनी तेही करून बघितलं होतं. हाडं मोजता येईपर्यंत. मग खीर घेतली आणि मग पुढचं सगळं झालं. तुम्ही खिरीपासूनच सुरू करा, वेळ वाचेल." ताईंनी वाटी पुढे केली.

आता किशन अंकल. कॅम्प चारमध्ये त्यांचं पडद्यांच्या कापडाचं दुकान आहे. दिवसभर उभं राहून थान उलगडायचं आणि गुंडाळायचं, हेच त्यांचं आयुष्य. साखरेने किडन्या गेल्या. डायलिसिसच्या आधी काही वर्षं ते मॅडमकडेच होते. तेव्हा मॅडमनी डाळ, पनीर, अंडी मोजूनमापून अगदी कमी ठेवली होती. थकलेल्या किडनीवर तो कचरा काढायचा भार पडायला नको म्हणून. कमला आंटींनी ते व्रतासारखं पाळलं. घरात डाळ शिजली की दार लावून घ्यायच्या, अंकलना वास नको म्हणून. आणि खरंच, त्यामुळे मशीन बरंच लांबलं.

मग मशीन सुरू झालं आणि मॅडम म्हणाल्या, "आता डाळ वाढवा. अंड्याचं पांढरं रोज द्या."

आंटी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "मॅडम, आपनेही बोला था ना, दाल उसके लिए ज़हर है?"

"तेव्हा होती. तेव्हा कचरा काढायचं काम किडनीवर होतं, आता मशीन करतं. आणि मशीनला हिशोब नाही आंटी, ते कचऱ्याबरोबर थोडं चांगलंही धुऊन नेतं. गेलेलं भरायला नको?"

ज्या गोष्टीने नवरा इतकी वर्षं जगवला तीच उलटी करायची म्हणजे काय सोपं आहे? आंटींना ते पटायला वेळ लागला. पण पटलं तेव्हा असं पटलं की विचारू नका. डाळ औषध ना, मग डाळ. अंडं औषध ना, मग अंडं. आणि साखर आहे म्हणून भात बंद, चपाती नावाला, बटाटा घराबाहेर, तूप तर बघायलाही नाही. हे त्यांनी स्वतःच ठरवलं आणि कोणाला सांगितलं नाही. चांगलंच चाललंय, त्यात सांगायचं काय?

आणि एक दिवस आंटी मिठाईचा डबा घेऊन सेंटरमध्ये आल्या. चेहरा दिवाळीसारखा. "क्रिएटिनिन कम आया!" रिपोर्ट सगळ्यांना दाखवला. बाकीच्या पेशंटच्या बायका त्यांच्याभोवती जमल्या, क्या खिलाया, क्या खिलाया करत. किडनीच्या माणसाच्या घरात रक्तातल्या कचऱ्याचा हा आकडा म्हणजे परीक्षेचा निकालच असतो, तो वाढला की रडायचं, उतरला की पेढे. आम्ही सगळ्यांनी बर्फी खाल्ली. मॅडमनी हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली. त्या अंकलच्या मनगटाकडे बघत होत्या.

"अंकल, घड्याळ कधीपासून असं फिरतंय?"

"पट्टा पुराना है, मॅडम."

"पट्टा जुना होतो, कबूल. मनगटाचं हाड वर येतं का त्याने?" आणि बर्फी कागदावर ठेवून त्यांनी निळी खुर्ची पुढे ओढली.

अंकल हसत हसत बसले. घडी घातली. जोर लावला. पार्श्वभाग खुर्चीवरून हललासुद्धा नाही. अजून हसत होते. दुसऱ्यांदा जोर लावला, आणि मग हसले नाहीत. आंटी घाईघाईने म्हणाल्या, "लेकिन वज़न तो उतना ही है! पूछो वैशाली को!" खरं होतं. काटा महिनोन्महिने तिथेच होता.

मॅडम त्यांच्या शेजारी बाकावर बसल्या. हिंदीत सांगितलं, सावकाश. क्रिएटिनिन हे मांसातूनच येतं. मशीन तेच, वेळ तीच, आणि आकडा उतरला, तर कधीकधी त्याचा अर्थ मांसच उरलं नाही असा असतो. "और वज़न? गोश्त गया, उसकी जगह पानी आके बैठा. काँटे को क्या मालूम, कौन बैठा है." डॉक्टर आले, त्यांनी अंकलच्या पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. म्हणाले, मॅडमचं बरोबर आहे, डायलिसिसनंतरचं वजन आपण जास्त धरतोय, तेवढं पाणी आत राहतंय.

"पर मैंने तो सब दिया," आंटी म्हणाल्या. "दाल दी, अंडा दिया." आणि मग त्यांना रडू आलं.

"दिलंत ना. पण भात काढून घेतलात. तूप काढून घेतलंत. मग तुमची अंडी शेगडीत गेली सगळी." मॅडमनी त्यांना रडू दिलं. समजूत वगैरे काही घातली नाही. रडून झाल्यावर म्हणाल्या, "उद्या मी तुमच्या स्वयंपाकघरात येते. अंकलना सगळ्यात जास्त काय आवडतं?"

"कढी-चावल," अंकल खुर्चीतूनच म्हणाले.

आता ही सिंधी कढी म्हणजे साधीसुधी नाही. बेसन भाजून केलेली, भरपूर चिंच, टोमॅटो, आणि आत बटाटा, भेंडी, शेंगा, गवार, काय म्हणाल ते. किडनीच्या माणसाला यातलं निम्मं चालत नाही, पोटॅशियमने हृदय थांबायची भीती. मॅडमनी आंटींच्या ओट्याशी उभं राहून त्या पातेल्यातून एकेकाला उठवलं. चिंच गेली. टोमॅटो गेला. शेंगा गेल्या. बटाटा चिरून, भरपूर पाण्यात उकडून, ते पाणी फेकून मग दोन फोडी. मीठ नावाला. लिंबाचे चार थेंब. पण बेसन ठेवलं, वर चमचाभर तेलाची फोडणी ठेवली, आणि भात मात्र भरून वाढायला लावला. साखरेच्या औषधाचं डॉक्टरांशी बोलून त्यांनी आधीच ठरवून घेतलं होतं.

आंटींनी चमचा तोंडात घातला आणि म्हणाल्या, "मॅडम, ये कढी नहीं है. ये कढी का फ़ोटो है."

मॅडम म्हणाल्या, "फ़ोटो पे हार तो नहीं है ना? बस."

हे मला आंटींनी सांगितलं. त्या म्हणतात, त्या क्षणी त्यांना थप्पड बसल्यासारखं झालं आणि हसूही आलं. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा ती कढी होते. पुढे पावसाळा गेला, नवरात्र गेली, आणि एका सकाळी किशन अंकल आले ते थेट मॅडमच्या खोलीत. निळ्या खुर्चीवर बसले, घडी घातली, आणि उठले. मग परत बसले आणि परत उठले. मॅडमनी पर्समधून बर्फी काढली. कुठून आणली होती, कधीपासून ठेवली होती, देव जाणे. अर्धा तुकडा स्वतः खाल्ला, उरलेला आंटींना दिला. अंकलना दिला नाही.

हा माणूस अजून दुकानात उभा राहतो. गिऱ्हाईक कमी असलं की स्टुलावरून हात न लावता उठून दाखवतो.

तर त्या रविवारी आम्ही तिघं चिखलोलीला गेलो. तिथे आता नवे टॉवर झालेत, मॅडमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर आहे, गॅलरीतून डोंगर दिसतो. प्रज्ञाने दार उघडलं. ती घरूनच काम करते, कानात ते हेडफोन लटकत होते आणि डोळे सुजलेले. हळूच म्हणाली, "वैशालीताई, सकाळपासून दोन चमचे पेज. पावडर दिली तर म्हणते, वास येतो. मी काही बोलले तर म्हणते, मला शिकवू नकोस."

मॅडम हातांच्या लाकडी खुर्चीत बसल्या होत्या. मी आधी चेहऱ्याकडे बघायचं ठरवलं होतं. पण सवय वाईट. माझी नजर हातावर गेली. घड्याळ नव्हतं.

"काढून ठेवलंय," मॅडम म्हणाल्या. "उगाच कोपरापर्यंत फिरत बसतं." मग म्हणाल्या, "बघू नकोस असं. सगळं माहितीये मला. कुठली फळी निघाली, कुठली निघणार आहे, सगळं. फक्त घास खाली जात नाही, वैशाली. कशालाच चव नाही. माती खाल्ल्यासारखं वाटतं."

मी येताना काय काय बोलायचं ठरवलं होतं. चांगलं खडसावणार होते. त्यातलं काही आठवलं नाही. मला त्यांची भीती वाटायची इतकी वर्षं, त्या दिवशी त्यांच्यासाठी भीती वाटली.

आंटी मात्र सरळ आत गेल्या. प्रज्ञाला म्हणाल्या, "बेटा, चावल गरम कर." डबा उघडला, वाटीत ओतलं, भातावर घातलं आणि मॅडमच्या मांडीवर ताटली ठेवली. "खाओ."

मॅडमनी आमच्याकडे बघितलं. पाहुण्यांचा मान म्हणून चमचाभर घेतलं. तोंडात धरलं. मी मनात म्हटलं, आता येणार बाहेर. त्यांनी गिळलं. कपाळाला आठ्या पडल्या. अजून एक चमचा घेतला, जसं कुणी खात्री करून घेतं तसं.

"आंटी," त्या म्हणाल्या, "ही कसली कढी आहे?"

"आपकी."

"माझी?"

"आपने सिखाई. इमली नहीं, टमाटर नहीं, नमक नहीं. हफ़्ते में दो बार बनाती हूँ."

मॅडम अंकलकडे वळल्या. "आणि तुम्ही ही खाता?"

"खानी पड़ती है," अंकल म्हणाले. "एक मालकिन घर में, एक सेंटर में."

मॅडम हसायला लागल्या. एका हाताने पोटावरचे टाके धरले आणि हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "बाई गं, काय खायला घातलं मी लोकांना! प्रज्ञा, चिंच आण. डब्यात आहे मागच्या, आण लवकर."

आंटींनी ताटलीवर हात आडवा धरला. "नहीं. जैसी है वैसी खाओ. हमने खाई कि नहीं?"

"आंटी, माझ्या किडन्या चांगल्या आहेत हो!"

आंटींनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे मी सर्टिफिकेट द्यायचं. म्हटलं, "आहेत. घाला." मग त्यांनी हात काढला. प्रज्ञाने चिंचेचा कोळ आणला, वर मिठाची चिमूट, वर फोडणीच्या कढल्यातलं तेल. मॅडमनी चमचा बाजूला ठेवला आणि भात हाताने कालवला. पहिला घास घेतला तेव्हा आम्ही चौघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी बोटानेच खूण केली, बघू नका. मग आम्ही गॅलरीतल्या डोंगराकडे बघत बसलो. त्या खाताना बोलल्या नाहीत.

फार नाही खाल्लं. निम्मी ताटली. पण प्रज्ञा स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली, ते मला कळलं.

निघायच्या आधी किशन अंकल सोफ्यावरून उठले, घडी घालून, हात न लावता. मुद्दाम मॅडमच्या समोर. "अब आप," म्हणाले.

"आज नको, अंकल."

"मॅडम. उठा बघू." हे त्यांनी मराठीत म्हटलं, मॅडमच्याच आवाजात.

मॅडमनी छातीवर हातांची घडी घातली. पुढे झुकल्या. खुर्चीपासून जेमतेम उचलल्या गेल्या असतील, मांड्या थरथरल्या आणि त्या परत बसल्या. आंटींनी फक्त त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. "खुर्ची उंच आहे तरी," मॅडम म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले. आम्ही चपला घातल्या.

खाली रिक्षाशी पोचल्यावर आंटींना आठवलं, डबा वरच राहिला. मी परत गेले. दार लोटलेलंच होतं. प्रज्ञाचं कोणाशी तरी कामाचं बोलणं चाललं होतं आतल्या खोलीत. मॅडम एकट्याच होत्या, माझ्याकडे पाठ. ताटली पुन्हा मांडीवर घेतली होती, उरलेला भात बोटांनी पुसून खात होत्या. मग त्यांनी ताटली वाकून खाली ठेवली. घडी घातली. पुढे झुकल्या आणि उचलल्या गेल्या, मघापेक्षा जरा जास्त, आणि बसल्या. थांबल्या. श्वास घेतला. परत झुकल्या.

मी आत गेले नाही. डबा ओट्यावर दिसत होता, आत कढी उरलेली होती.

खाली आंटींनी विचारलं, "मिला?"

म्हटलं, "राहू दे आंटी, पुढच्या रविवारी नेऊ. त्यांना लागणार आहे."